मांडव्याहून येतानाच

शिडाच्या बोटीवरचं टॉयलेट समुद्राला दोन भोकांनी जोडलेलं असतं. एका भोकातून धुण्यासाठी समुद्राचं पाणी आत येतं, दुसऱ्यातून सगळं बाहेर जातं. दोन्ही भोकं बोटीच्या बुडाला, पाण्याखाली. आत येणारा पाइप साधारण १९ मिलिमीटरचा, बाहेर जाणारा ३८चा. मधे भांडं, भांड्याला चिकटून हातपंप आणि पंपाच्या डोक्यावर एक छोटा खटका. खटका एकीकडे केला की दांड्याच्या प्रत्येक ओढीबरोबर समुद्राचं पाणी भांड्यात येतं. दुसरीकडे केला की पाणी बंद आणि भांडं नुसतं उपसलं जातं. घरी पाणी वरून खाली येतं आणि खालीच जातं, त्यामुळे आपल्याला त्याचा कधी विचार करावा लागत नाही. बोटीवर भांड्याचा काठ समुद्राच्या पातळीच्या जेमतेम वर असतो, काही बोटींत तर खालीच. समुद्र कायम आत यायला टपलेला आणि त्याला अडवायला रबराचे दोन-तीन पडदे, तो खटका आणि बुडाशी बसवलेले दोन कॉक, एवढाच बंदोबस्त.

यातला पाइप निसटला तर काय होतं, याचा हिशेब शाळेतल्या सूत्राने करता येतो. पाण्याखाली एक फुटावर १९ मिलिमीटरचं भोक मोकळं राहिलं तर मिनिटाला सुमारे चाळीस लिटर पाणी आत येतं. ३८चं राहिलं तर त्याच्या चौपट. भांड्यातून वर येणारं पाणी त्यामानाने सावकाश येतं, पण येताना आवाज करत नाही. पाइप फुटला तर माणसं धावतात. भांडं भरत असतं तेव्हा वर डेकवर कोणीतरी फोटो काढत असतं.

मुंबई बंदरात गेटवेच्या समोर उभ्या असलेल्या अशा बोटींवर मी दुरुस्तीची कामं करतो. इंजिन, वायरिंग, पंप, पाइप, जे निघेल ते. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर निघतात आणि मग बुडाची कामं. आजवर टॉयलेटसाठी म्हणून मला सरळ फोन आल्याचं आठवत नाही. फोन येतो तो "बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) सारखा चालू होतोय" असा. किंवा "बॅटरी उतरते". किंवा "केबिनमधली फळी फुगलीये". बोटीवर जाऊन तळातलं पाणी बोटावर घेऊन चाखावं लागतं: खारट लागलं तर बाहेरचं, गोडं लागलं तर टाकीचं. खारट पाण्याचा माग काढत निघालं की चार ठिकाणी थांबा येतो. प्रॉपेलरच्या दांड्याची ग्लँड, इंजिनाचं थंड पाणी, एखादा सडका क्लॅम्प आणि टॉयलेट. शेवटच्या थांब्याशी पोचलो की मालकाचा चेहरा बदलतो. "हो, तिथेही थोडं येतं कधी कधी," असं मग तो हळूच सांगतो.

ज्या एका बोटीची गोष्ट इथे सांगायची आहे ती तीस-पस्तीस फुटी, फायबरची, जुनी पण नीट ठेवलेली. मालक व्यवसायातून मोकळे झालेले गृहस्थ, शनिवार-रविवारी मित्रमंडळी घेऊन मांडव्याला जाणारे. बोट सांभाळायला एक तांडेल, अलिबागकडचे, साठीच्या आसपासचे. मी त्यांना काका म्हणतो. तक्रार नेहमीची: बिल्ज पंप चालतो, बॅटरी बसते. मात्र या वेळी मालकांनी इतिहासही दिला. टॉयलेट भरून वाहतं. माझ्याआधी दोघे येऊन गेले होते. एकाने पंपाचं पूर्ण किट बदललं. दुसऱ्याने बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा जोकर बदलला, पाइप बदलला, वर आत येणाऱ्या पाण्याचा कॉकही नवा टाकला. प्रत्येक वेळी गेटवेसमोर उभ्या बोटीत पंप मारून दाखवला, भांडं कोरडं झालं, पैसे घेतले. आणि पुढच्या रविवारी हेडची, म्हणजे टॉयलेटच्या खोलीची, फरशी पुन्हा पाण्यात.

जोकर म्हणजे बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह. आतून दाब आला की ओठ उघडतात, बाहेरून आला की मिटतात. टॉयलेट उलटं भरायला लागलं की नव्वद टक्के लोक आधी त्याच्याकडे जातात आणि बरेचदा ते बरोबरही असतं. लघवीतले क्षार आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की पाइपच्या आत चुन्यासारखा थर बसत जातो. जुना पाइप कापला की ३८ मिलिमीटरच्या नळीत अंगठाही जाणार नाही इतकी वाट उरलेली दिसते. तो थर जोकरच्या ओठांवर बसला की ओठ मिटत नाहीत आणि बाहेर गेलेलं पाणी परत येतं. रात्रभर व्हिनेगर भरून ठेवलं तर कोवळा थर सुटतो. जुना असेल तर पाइप काढून धक्क्यावर आपटावा लागतो.

पण या बोटीवरचा जोकर नवा होता, ओठ मऊ होते, पाइप स्वच्छ होता. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. बदललेल्या वस्तूंत पाणी भांड्यात आणणारी खोट नव्हती, मग पाणी येत कुठून होतं?

अशा वेळी पहिली चाळणी सोपी असते. येणारं पाणी कुठल्या भोकातून येतंय, आत येणाऱ्या की बाहेर जाणाऱ्या? मी जिलबीत घालतात तो केशरी खायचा रंग पिशवीत ठेवतो. चिमूटभर रंग भांड्यात टाकायचा, दोन-चार वेळा दांडा मारून बाहेर जाणाऱ्या पाइपमध्ये ढकलायचा, मग खटका बंद करून भांडं पुसून घ्यायचं आणि वाट बघायची. पाणी केशरी आलं तर जोकरकडून. नितळ आलं तर समुद्राकडून, येणाऱ्या वाटेने. अर्धा तास वाट बघितली. काहीच आलं नाही.

मग खटका उघडून ठेवला. आता पाणी हळूहळू चढायला लागलं. नितळ. चढत चढत काठाच्या चार बोटं खाली आलं आणि तिथेच थांबलं. मी पेन्सिलीने भांड्यावर खूण केली. समुद्राने भांड्याच्या आत स्वतःची पातळी दाखवून दिली होती. उभ्या बोटीत भांड्याचा काठ पाण्याच्या वर होता, म्हणून भांडं वाहणं शक्यच नव्हतं. आधीच्या दोघांनी जे दाखवलं ते खरंच होतं. ज्या अवस्थेत बिघाड होतच नाही, त्या अवस्थेत त्यांनी बोट तपासली होती.

कधी वाहतं, हे मालकांना विचारलं. "कधीही," ते म्हणाले. खोदून विचारल्यावर कळलं की ते स्वतः बोटीवरचं टॉयलेट वापरतच नाहीत. पुरुष मंडळींचं काम डेकवरच्या कठड्याशी उरकतं. तांडेलकाकांना विचारलं तर ते म्हणाले, "मी कशाला जातोय तिथं? आमचं किनाऱ्यावर." पाहुणे उतरले की बादली आणि फडकं घेऊन हेड पुसायचं काम मात्र त्यांचंच होतं. रोज संध्याकाळी दोन्ही कॉक बंद करायचं कामही ते न चुकता करायचे, बोट बुडू नये म्हणून. वापरणारे पाहुणे, पुसणारे काका, पैसे देणारे साहेब. तिघांकडे बिघाडाचा एकेक तुकडा होता आणि त्यांनी तो कधी एकमेकांना दाखवला नव्हता.

चौथा तुकडा मालकीणबाईंकडे होता. त्या दिवशी त्या बोटीवर नव्हत्या, फोनवर बोलल्या. आधीच्या दोघांपैकी कुणी त्यांच्याशी बोललं होतं का, असं विचारलं तर हसल्या. "बोटीवर ते वापरतं कोण, तर आम्ही बायका. आणि विचारतात कुणाला, तर यांना." मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. जाताना कधीच होत नाही. मांडव्याहून येतानाच होतं. तेही दुपारी उशिरा निघालो तर. सकाळी लवकर परतलो तर नाही. साहेब म्हणतात, मांडव्याला जेवल्यावर सगळे जास्त वेळा जातात म्हणून होत असेल. "पण मी मोजलंय. येताना एकदाच कुणी गेलं तरी होतं."

हे ऐकल्यावर माझं अर्धं काम झालं होतं. गेटवेहून मांडवा दक्षिणेला, थोडं पूर्वेकडे कललेलं. हंगामात दुपारनंतर मुंबईवर वारा येतो तो वायव्येचा. मांडव्याला जाताना तो पाठीशी असतो, बोट सरळ उभी राहून पळते. परत येताना तोच वारा तोंडावर. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडात सरळ जाता येत नाही; तिरकं जावं लागतं. मांडव्याहून उत्तरेला तोंड करून निघालं की वारा डाव्या अंगावर येतो, शिडं ताठ होतात आणि बोट उजवीकडे कलते. त्या बाजूचा लांबच्या लांब टप्पा काढावा लागतो, मग वळून छोटा. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून सकाळच्या परतीत काही होत नाही. आणि या बोटीचं हेड उजव्या अंगाला होतं, मध्यरेषेपासून साधारण तीन फूट बाहेर. बोट वीस अंश कलली की तीन फुटांवरची वस्तू एक फूट खाली जाते. उभ्या बोटीत पाण्याच्या चार बोटं वर असलेला काठ तेव्हा पाण्याखाली वीतभर गेलेला असतो.

मालकांना म्हटलं, मला मांडव्याला घेऊन चला. त्यांना ते फिरायला जाण्याचं निमित्त वाटलं. बाईंनाही यायची विनंती केली, ती त्यांना जास्त विचित्र वाटली असावी.

जाताना खाली बसून राहिलो. भांडं कोरडं. मांडव्याहून निघायला मुद्दाम उशीर केला. बाहेर पडल्यावर वारा चांगला भरला होता, शिडं ताणली गेली आणि केबिनमधला सगळा पसारा उजवीकडे गेला. हेड म्हणजे कपाटाएवढी खोली. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून, एक पाय भांड्याखालच्या कठड्यावर टेकवून उभा. भांड्यात पेन्सिलीची खूण होती. बाईंनी आत जाऊन, नेहमी करतात तसंच सगळं केलं होतं: दांडा मारला, स्वच्छ पाणी दिसलं, बाहेर आल्या. खटका तसाच उघडा. त्याबद्दल त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पंपावरच्या चित्राचा रंग केव्हाच उडाला होता.

पाणी आलं. आधी भांड्याच्या कडेच्या भोकांतून एक पातळ पडदा उतरला, पंप कुणी मारत नसताना. मग तळाशी साचलं, खूण ओलांडली आणि कलत्या बाजूच्या काठावर एक गोलसर फुगवटा धरून क्षणभर थांबलं. नितळ पाणी. मग फरशीवर. मी हात घालून आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला. पडदा तुटला. कॉक उघडला, पुन्हा धार. जोकर, बाहेर जाणारा पाइप, त्यावर खर्च झालेले पैसे, सगळ्याचा या पाण्याशी काही संबंध नव्हता.

अशा ठिकाणी समुद्राला अडवायची एक जुनी, स्वस्त युक्ती असते. पंपातून भांड्याकडे जाणारा पाइप सरळ न नेता वर उंच चढवायचा आणि पुन्हा खाली आणायचा. त्या कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारा एक बारीक व्हॉल्व्ह. स्कूटरच्या टाकीत नळी घालून एकदा पेट्रोल ओढलं की पुढे ते आपोआप येत राहतं. नळीत हवा शिरली की थांबतं. तेच तत्त्व. कमानीच्या माथ्यावर हवा शिरली की समुद्राची ओढ तुटते. उत्पादकांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की बोट कितीही कलली तरी ही कमान पाण्याच्या पातळीपासून निदान २० सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. आणि ती पंप नि भांडं यांच्या मधे हवी. पंपाच्या आधी बसवली तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो.

या बोटीवर कमान होती. भांड्यामागच्या कपाटात, लाइफ जॅकेटच्या ढिगाखाली, बोटीच्या भिंतीला लागून. म्हणजे मध्यरेषेपासून आणखी दूर आणि फारशी उंच नाही. मागे कधीतरी आतल्या कपाटांचं काम झालं तेव्हा सुताराला जिथे सोयीचं पडलं तिथे ती गेली होती. कललेल्या बोटीत ती पाण्याखाली जात होती. मी जॅकेटं बाहेर काढली, टॉर्च धरली. माथ्यावरच्या व्हॉल्व्हवर करड्या रंगाचा एक गुळगुळीत गोळा बसवलेला होता. एम-सील. अंगठ्याचा ठसाही त्यात उमटलेला.

एरवी या व्हॉल्व्हचं भोक मिठाने बुजतं. खारं पाणी सुकतं, पांढरी साय धरते, हवा जायची थांबते. वर्षातून एकदा टोपी उघडून कोमट पाण्याने धुतली की काम भागतं. इथे मात्र कुणीतरी ते विचार करून, नीट बुजवलं होतं. मी वर येऊन काकांना विचारलं, कपाटात एम-सील कुणी लावलं?

"मी लावलं," काका म्हणाले. "तिथनं पाणी शिंपडायचं. जाकिटं भिजायची, वास मारायची. साहेब ओरडायचे. मग बुजवलं. तवापासून एक थेंब नाय."

खरंच होतं ते. कमान पाण्याखाली गेली की व्हॉल्व्हच्या जुन्या रबरातून पाणी कपाटात झिरपत होतं. काकांना दिसली ती गळती. ती त्यांनी बंद केली, चांगली केली, आणि कपाट कोरडं ठेवलं. गळणारी ती पितळी टोपी तिथे कशासाठी आहे, हे त्यांना कोण सांगणार? ते त्या खोलीत फक्त फडकं घेऊन शिरायचे. दांडा कसा मारतात, खटका कुठे ठेवतात, पाणी कधी येतं, यातलं काहीही त्यांनी बघितलेलं नव्हतं. बघायची सोयच नव्हती. त्या टॉयलेटला त्यांनी जायचं नाही, असं कुणी त्यांना म्हटलं नव्हतं. पण जायचं, असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपल्याकडे तेवढं पुरतं.

या धंद्यात मला हे वारंवार दिसतं. टॉयलेटचं काम आलं की वर्कशॉपमधल्या सगळ्यांत नव्या पोऱ्याला पुढे करतात. तो नाकाला रुमाल बांधून पंप खोलतो, धुतो आणि स्वच्छ केलेले भाग मिस्त्रीसमोर फडक्यावर मांडतो. मिस्त्री किट बसवतो. क्षाराचा थर कुठे किती जाड होता, जोकरचे ओठ कुठल्या बाजूला वाकले होते, कुठल्या वळणावर घाण अडकली होती, ही सगळी माहिती त्या धुण्यात गटारात जाते. ज्याला पंपाचं शास्त्र कळतं तो घाण बघत नाही आणि जो घाण बघतो त्याला शास्त्र कोणी शिकवत नाही. सहा महिन्यांनी पोऱ्या दुसऱ्या कामाला लागतो, नवा पोऱ्या येतो, आणि त्याला पुन्हा शून्यापासून नाक दाबावं लागतं. इंजिनाच्या बाबतीत असं होत नाही. काळं तेल हाताला लागलेलं मिस्त्रीला भूषण वाटतं. माझ्या आत्येलाही वाटतं. इंजिनाच्या कामाचे फोटो ती नातेवाइकांना दाखवते, हेडच्या कामाबद्दल कळलं तेव्हा म्हणाली, "डिप्लोमा करून संडास दुरुस्त करतोस होय रे?"

तिला मी जर्मन पाणबुडीची गोष्ट सांगितली. एप्रिल १९४५मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-१२०६ नावाची पाणबुडी पाण्याखाली होती. खोल पाण्यातही वापरता यावं म्हणून तिच्यात नव्या पद्धतीचं, जास्त दाबाचं टॉयलेट होतं. व्हॉल्व्ह ठरावीक क्रमाने उघडावे-मिटावे लागत, आणि ते प्रशिक्षण घेतलेल्याच माणसाने करायचं असे. सांगतात ते असं की तो क्रम चुकला, समुद्र आत आला, पाणी खालच्या बॅटऱ्यांवर गेलं आणि क्लोरीन वायू सुटला. पाणबुडीला वर यावं लागलं, विमानांनी गाठलं, आणि खलाशांनी ती सोडून दिली. आत्या म्हणाली, मग प्रत्येकाला शिकवायचं ना. मला तिच्यावर काही बोलता आलं नाही, कारण तेच उत्तर आहे.

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांकडे ही वाटणी चालतच नाही. गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली, अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये त्याच बोटीतून न थांबता केली. अशा बोटीवर वापरणारा, पुसणारा आणि पान्हा धरणारा एकच माणूस असतो. तक्रार आणि दुरुस्ती एकाच डोक्यात राहते. रविवारच्या बोटीवर माणसं जास्त असतात आणि माहिती चार जणांत वाटली जाते. तिथे बिघाड लपून राहायला भरपूर जागा मिळते.

दुरुस्ती स्वतः फार मोठी नव्हती. कमान कपाटातून काढून मध्यरेषेकडच्या आडव्या भिंतीवर, डेकच्या खाली जितकी उंच जाईल तितकी नेली. आता बोट कितीही कलली तरी ती पाण्याच्या बरीच वर राहते. व्हॉल्व्ह नवा. पंपापासून कमानीपर्यंत आणि कमानीपासून भांड्यापर्यंत नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला नवा पाइप, प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प. क्लॅम्प घेताना लोहचुंबक लावून बघतो. स्टेनलेस म्हणून विकलेला क्लॅम्प चुंबकाला घट्ट चिकटला तर तो खाऱ्या पाण्यात गंजायचाच. जाता जाता आधीच्या माणसाने टाकलेला नवा कॉकही काढला. तो घरगुती नळजोडणीचा साधा पितळी व्हॉल्व्ह होता. समुद्राचं पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं, मागे गुलाबी, भुसभुशीत तांबं उरतं आणि एक दिवस कॉकची दांडी हातात येते. त्याजागी ब्राँझचा टाकला. त्यासाठी मात्र बोट पाण्याबाहेर निघायची वाट बघावी लागली. तोवर कॉकच्या शेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवली. कॉक तुटला तर ती भोकात ठोकायची. ती खुंटी आजही तिथेच आहे आणि तशीच असायला हवी.

मालक खूश झाले. पण मी त्यांना सांगितलं की कमान उंच गेली म्हणून समुद्र निवृत्त झाला असं नाही. व्हॉल्व्ह पुन्हा मिठाने बुजेल, रबर पुन्हा जुनं होईल. खरा बंदोबस्त कॉकचाच: वापरायच्या आधी उघडायचा, झाल्यावर बंद. खटका कायम बंद बाजूला. हे काम संध्याकाळी काकांनी करण्याचं नाही. जो वापरेल त्याने तिथल्या तिथे करण्याचं. मालकांचं पहिलं उत्तर होतं, "पाहुण्यांना कसं सांगायचं?" बाई म्हणाल्या, "मी सांगते." दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत पाच ओळी लिहून प्लास्टिकमध्ये घालून लावल्या. कॉकची दांडी जॅकेटांमागे होती, ती सहज हाताला येत नव्हती; जॅकेटं दुसरीकडे हलवली. या साध्या हलवाहलवीचा उपयोग माझ्या नव्या पाइपाइतकाच झाला असावा. हात पोचत नसेल तर कुणीही कॉक बंद करत नाही, मग सूचना कितीही भाषांत लिहा.

आणखी एक गोष्ट बाईंनी केली, तीही माझ्यासमोर. काकांना खाली बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, उद्यापासून बोटीवर असताना तुम्ही हेच वापरायचं. किनाऱ्याची वाट बघायची नाही." काका अवघडले. साहेब शिडाच्या दोरीकडे बघत राहिले. मी कमान कशी चालते ते काकांना दाखवलं: दांडा मारून, खटका फिरवून, टोपी उघडून आतला इवलासा रबरी व्हॉल्व्ह हातात देऊन. मासेमारीच्या होडीवर वाढलेल्या माणसाला वारा, भरती आणि कल समजावून सांगायची गरज नसते. त्यांनी टोपी बोटांत फिरवली, भिंतीवरच्या जुन्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, "मग हे तिथं लावलं कुनी? ते तर उजव्या अंगाला पान्याखाली जानार." नकाशा काढून मी जे मालकांना समजावत होतो, ते त्यांना एका नजरेत दिसलं. एम-सील लावायच्या आधी कुणी त्यांना त्या टोपीचं काम सांगितलं असतं, तर कमान कुठे हवी हे त्यांनीच दाखवलं असतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. बोटीवर चढल्यावर पान्यांची पिशवी उघडायच्या आधी विचारतो, शेवटचं कोण गेलं होतं आणि बोट तेव्हा कुठल्या अंगावर होती. काही मालकांना हा प्रश्न असभ्य वाटतो. काही जण सांगतात, तुम्ही फक्त किट बदला. अशा ठिकाणी किट बदलून देतो, बिलावर तेवढंच लिहितो आणि फोन पुन्हा येणार हे धरून चालतो. जिथे बायकांना, मुलांना, तांडेलांना विचारू देतात तिथे काम एका फेरीत आटोपतं.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याच बोटीवरून फोन आला. या वेळी साहेबांचा नाही, काकांचा. "दादा, हेडचा पंप जड चाललाय. पानी येत नाय अजून, पन बघून जा." गेलो. जोकरच्या ओठांवर पांढरा थर धरायला लागला होता, पंपाचं रबर कोरडं पडलं होतं. तासाभरात दोन्ही बदललं. काका शेजारी बसून होते, जुना जोकर त्यांनी मागून घेतला आणि थर नखाने खरवडून बघितला. तळात पाणी नव्हतं, बॅटरी भरलेली होती, फळी कोरडी होती. पाणी यायच्या आधी आलेली माझ्या कामातली ती पहिलीच तक्रार. बिल इतकं लहान झालं की साहेबांनी ते दोनदा वाचलं.